खटक्यावर बोट

स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसहून ब्राँझ आणलं. आपल्या राधानगरी तालुक्यातला पोरगा म्हणून मीही नाचलो, तिथपर्यंत ठीक होतं. पुढं मी स्वतःच नेमबाजी सुरू केली, तिथं घोळ झाला. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, तेव्हाच सुरुवात केली असती तर निदान डोळे साथीला होते. आता वय त्रेचाळीस आणि नाकावर चाळिशी.

तीन महिने रेंजवरच्या पिस्तुलानं भागवलं. मग स्वतःचं हवं असं वाटायला लागलं. नव्या मॅच पिस्तुलाची किंमत ऐकून बायको म्हणाली, “एवढ्यात दोन म्हशी येतील. त्या दूध तरी देतात.” म्हणून जुनं घेतलं. जर्मन माल. विकणारे गृहस्थ इचलकरंजीचे. “एकहाती वापरलंय बघा,” म्हणाले. मी खूश. एअर पिस्तूल सगळेच एका हातानं धरतात, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी रेंजवर पाच छर्रे मारले. पाचही डावीकडं खाली, पाचाच्या घरात. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्या वाटेलाही कोणी गेलं नाही. पण पाचही छर्रे वाटीच्या बुडाखाली झाकतील इतके जवळजवळ. मी लगेच निष्कर्ष काढला: विखुरले असते तर दोष माझा. एका जागी पडतात, म्हणजे दोष पिस्तुलाचा. साइट, म्हणजे नेम जुळवायची खूण, हललीय. (हा निष्कर्ष काढताना मला जो आनंद झाला, त्यावरूनच शंका यायला हवी होती.)

पिस्तूल घेऊन गेलो उद्यमनगरात. तिथं माझा मित्र लेथवर असतो. त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले आणि वर्नियर लावला.

“दोन साइटींत अंतर तेहतीस सेंटिमीटर. टार्गेट दहा मीटरवर. म्हणजे तीसपट. मागची साइट शंभर मायक्रॉन सरकली की छर्रा एक सूत सरकतो. तुला किती पाहिजे?”

“नऊ सूत वर, नऊ सूत उजवीकडं.”

“मग मागची साइटपण वर आणि उजवीकडंच. पुढची असती तर उलटं केलं असतं. सोपं हाय भावा.”

सोपं होतं, स्क्रूपर्यंत. बाजूच्या स्क्रूवर बाण आणि आर, एल ही अक्षरं. वरच्या स्क्रूवर एच आणि टी. आर म्हणजे राइट, यावर एकमत झालं. एचवर मात्र शेजारच्या फाउंड्रीतली माणसं गोळा झाली. एक म्हणाला हाय. दुसरा म्हणाला, मग टी कशाचा? तळाचा? जर्मन माणूस तळ कशाला लिहील, असा आक्षेप आला. चहा आला. शेवटी मित्रानं निकाल दिला, “टी म्हणजे टॉप. वर पाहिजे ना? मग टीकडं पिळ.” तसं पिळलं. आडवा स्क्रू आरकडं.

रेंजवर परत. आता छर्रे उंचीला अगदी बरोबर. आणि डावीकडं पहिल्यापेक्षा दुप्पट, तीनाच्या घरात.

रेंजवर शिकवणाऱ्या सरांनी टार्गेटचं कार्ड बघितलं, मग स्क्रू बघितला, मग मला. “यावर कुठं जायचं ते लिहिलेलं नाही. कुठं चुकतंय ते लिहिलंय. आर म्हणजे छर्रा उजवीकडं पडत असेल तर इकडं पिळा. आणि टी म्हणजे टॉप नव्हे, टीफ. खाली पडत असेल तर.”

म्हणजे ज्या अक्षराचा अर्थ आम्हाला बरोबर लागला तिथं उलटं झालं, आणि ज्याचा साफ चुकला तिथं काम फत्ते.

सरांनी आडवा स्क्रू पुन्हा जागेवर आणला आणि स्वतः पाच छर्रे मारले. चार दहा, एक नऊ. मी कार्डाकडं बघत राहिलो.

“खाली पडत होतं ते आधीच्या मालकाचं,” सर म्हणाले. “तो टार्गेटवरच्या काळ्या गोलाच्या मध्यावर नेम धरत असणार, तुम्ही बुडाशी धरता. डावं तेवढं तुमचं. उजव्या हाताचा माणूस खटका दाबायच्या ऐवजी ओढतो, तेव्हा असंच होतं.”

आता सांगा, ज्या गावात रिक्षाच्या मागं ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ रंगवलेलं असतं, तिथं वाढलेल्या माणसानं अर्ध्या किलोचा खटका लोणी लावल्यासारखा सावकाश कसा दाबायचा? सरांनी घरी पांढऱ्या भिंतीसमोर छर्रा न घालता सराव करायला सांगितलं. रोज अर्धा तास. तिसऱ्या दिवशी बायको कणकेच्या हातानं दारात उभी. “अहो, भिंतीनं काय केलंय?”

रविवारी राहवलं नाही. इचलकरंजीला फोन लावला. “काका, तुम्ही काळ्याच्या मध्यावर धरत होता का हो?”

“मी कशाचा धरतोय!” काका म्हणाले. “माझेबी सगळे खालीच पडायचे. त्या साइटीला मी कधी हातच लावला न्हाई. मीबी जुनंच घेतल्यालं की!”