गाडीतली जागा आणि संघातली जागा

२०२५ च्या मे महिन्यात आधी रोहितने आणि पाचच दिवसांनी विराटने कसोटी क्रिकेट सोडलं, आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. काकांचं म्हणणं, त्यांना घालवलं. भाचेमंडळींचं म्हणणं, वेळेत गेले, आता पोरांना खेळू द्या. ऑक्टोबरमध्ये वनडेचं कप्तानपद शुभमन गिलकडे गेलं तेव्हा तोच वाद पुन्हा पेटला.

मी नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटजवळच्या कॉन्कर्डमध्ये राहते. नॅसकार या मोटार-शर्यतींच्या बहुतेक टीमची वर्कशॉप याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे शर्यतींचा विषय शेजारीपाजारी, ऑफिसात, सलूनमध्ये सतत निघतो. म्हाताऱ्याने गाडी कधी सोडायची आणि पोराला कधी बसवायचं, हा प्रश्न इथे वर्षानुवर्षं चालला आहे. तो जवळून पाहून माझं मत असं झालंय की घरी आपण वयावर भांडतो आणि भांडायची खरी गोष्ट बाजूलाच राहते. पोराला शिकायला किती वेळ देणार, आणि त्या वेळाची किंमत कोण मोजणार?

ज्यांना नॅसकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दिसायला कॅमरी किंवा मस्टँग, आतून सर्वस्वी शर्यतीसाठी बांधलेली गाडी. कप मालिका ही सगळ्यात वरची पायरी, आणि तिथे एका शर्यतीत फार तर चाळीसेक गाड्या. कुणी उतरल्याशिवाय दुसऱ्याला चढता येत नाही.

२०१५ ते २०२० या काळात उतरणाऱ्यांची रांगच लागली. जेफ गॉर्डन, टोनी स्टुअर्ट, कार्ल एडवर्ड्स, डेल अर्नहार्ट ज्युनियर, शेवटी सात वेळा अजिंक्यपद जिंकलेला जिमी जॉन्सन. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या जागी विशीतली मुलं आली. लोकांना वाटलं, नवी पिढी जास्त वेगवान असणार. पण २०१७ मध्ये, निवृत्तीच्या वर्षात, डेल ज्युनियरने उघड सांगितलं की प्रायोजकांचा पैसा आटलाय, मालकांना जुन्यांचे मोठे पगार परवडत नाहीत, आणि तरुण मुलं कितीतरी कमी पैशात गाडी चालवायला तयार असतात. ज्याचं स्वतःचं नाव त्या जुन्यांच्या यादीत होतं त्याने हे सांगावं, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे हे इतक्या स्वच्छपणे कुणी बोलत नाही.

जुन्यांना कायम ठेवणं हेही उत्तर नाही. रिचर्ड पेटीने २०० शर्यती जिंकल्या, त्यातली शेवटची ४ जुलै १९८४ ला. त्यानंतर तो आठ वर्षं एकही विजय न मिळवता धावत राहिला. १९८६ पासून टीम घरचीच, त्यामुळे उतर म्हणणारं कुणी नव्हतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये अटलांटाला तो शेवटचं धावला, आणि त्याच शर्यतीत २१ वर्षांचा जेफ गॉर्डन पहिल्यांदा कपमध्ये उतरला. इथली जुनी माणसं त्या दिवसाबद्दल अजून भरभरून बोलतात, पण त्याआधीच्या आठ वर्षांचा विषय कुणी काढत नाही.

मला जास्त शिकवलं ते हेंड्रिक टीमने. चेस एलियटला त्यांनी २०११ मध्ये, तो १५ वर्षांचा असताना करारबद्ध केलं, पण कपमध्ये पूर्ण मोसमासाठी बसवलं २०१६ मध्ये. मधली वर्षं तो खालच्या मालिकांत धावला आणि २०१४ ला दुसऱ्या पायरीची मालिका जिंकून आला. तरीही कपमधला पहिला विजय मिळायला ९९ वी शर्यत उजाडावी लागली. विल्यम बायरन इथलाच, शार्लटचा, घरी कॉम्प्युटरवर शर्यती खेळत शिकलेला. त्याचा पहिला विजय ९८ व्या शर्यतीत आला. दोघांचाही पहिला विजय तिसऱ्या मोसमात आला, तोवर त्यांच्या जागेला कुणी हात लावला नाही. एलियट २०२० चा विजेता झाला, बायरनने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही सगळ्यात मानाची शर्यत मारली. एलियटचा बाप बिल स्वतः १९८८ चा विजेता, आणि घराण्याच्या नावाने धीर विकत मिळतो, हे मला मान्य आहे. पण धीर धरला तर काय हाती लागतं, हेही त्यातूनच दिसलं.

जोई लोगानोला तो धीर मिळाला नाही. १८ व्या वर्षी त्याला थेट टोनी स्टुअर्टच्या गाडीत बसवलं. पहिल्याच मोसमात तो कपमधली शर्यत जिंकणारा सर्वांत तरुण ठरला, पण चार वर्षांत मिळून दोनच विजय, आणि २२ व्या वर्षी जागा गेली. पेन्स्के या दुसऱ्या टीमने त्याला उचललं. आज त्याच्या नावावर तीन अजिंक्यपदं आहेत: २०१८, २०२२, २०२४. जॉश बेरीला कपमध्ये पूर्ण मोसम मिळाला ३३ व्या वर्षी, आणि २०२५ ला लास व्हेगासमध्ये त्याने वुड ब्रदर्स टीमसाठी शर्यत जिंकली. आपला सूर्यकुमार भारताकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा ३० वर्षांचा होता. लोगानो, बेरी आणि सूर्या हे तिघेही १९९० चे. आता सांगा, तयार होण्याचं योग्य वय कोणतं?

उन्हाळ्यात शार्लटच्या ट्रॅकवर, मुख्य स्टँडसमोरच्या छोट्या अंडाकृती ट्रॅकवर, आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या बँडोलेरो गाड्यांच्या शर्यती असतात. बाप गुडघ्यावर बसून पट्टे आवळतो, टायरमधली हवा पुन्हा एकदा मोजतो, मग हेल्मेटवर हात ठेवून पोराच्या कानाशी काहीतरी सांगतो. मागे ट्रेलर, सुटे टायर, हत्यारांची पेटी. हा सगळा खर्च घरचा. ते बघताना मला विरारहून चर्चगेटला किटबॅग घेऊन लोकलने येणारी मुलं आणि त्यांचे बाप आठवतात. पृथ्वी शॉ त्याच वाटेने आला, आयुष म्हात्रेही.

पृथ्वीने १८ व्या वर्षी पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं. आयपीएल २०२५ साठीच्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. त्याच्या चुका झाल्या असतील, माझा त्यावर वाद नाही. पण अमेरिकेत लोगानोला दुसरा मालक भेटला, कारण तिथे मालक अनेक आहेत. भारतीय संघ एकच आहे, म्हणून आपल्याकडे दुसरा दरवाजा मुद्दाम बांधावा लागेल. महाराष्ट्राने पृथ्वीला घेतलं आणि त्याने चंडीगडविरुद्ध रणजीत २२२ धावा काढल्या, याचा मला मनापासून आनंद झाला.

वैभव सूर्यवंशीने १४ व्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक केलं, तेव्हा सगळा देश नाचला, मीही इथे ओरडले. पण फ्रँचायझीने अठराच्या आतल्या मुलाला घ्यायचं तर किमान तीन मोसमांची हमी, शाळा पुरी करण्याची सोय आणि त्याच्यासाठी नेमलेला एक निवृत्त खेळाडू, एवढं करारातच लिहिलेलं असावं. बीसीसीआयने ही अट पुढच्या लिलावाआधी घालावी. आणि रोहितसारख्यांनी त्या नेमलेल्या खेळाडूची जागा घ्यावी, त्याला भरपूर पैसेही मिळावेत.