एका गोलने कसला धुव्वा?

फुटबॉलचा सामना, एक-शून्य. तोही गोल शेवटच्या मिनिटाला. आणि इंग्रजी बातमीचा मथळा काय, तर ‘थ्रॅश्ड’! अहो, थ्रॅश म्हणजे बदडून काढणं. २०१४च्या विश्वचषकात जर्मनीने उपांत्य फेरीत ब्राझीलला ७-१ लोळवलं, त्याला म्हणा थ्रॅश, ट्राउन्स, रूट, काय हवं ते. जेमतेम जिंकलात तर ‘एज्ड’ आहे ना! अगदी तोंडचा घास हिसकावलात तर ‘पिप्ड’ आहे. शर्यतीतल्या अंतिम खांबापाशी निसटत्या फरकाने पुढे जाणं, हे चित्र आहे त्यामागे. किती नेमकं! पण वापरायचं कोणी?

२०१९च्या क्रिकेट विश्वचषकाचा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना आठवा. सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत, चषक इंग्लंडला चौकार-षटकार जास्त म्हणून. त्यालाही कुणी ‘क्रश्ड’, म्हणजे चिरडलं, म्हटलं असेल, तर मला नवल वाटणार नाही.

आणि तो व्हाइटवॉश! मालिकेतले एकूण एक सामने हरल्यावरच होतो तो. ४-१ ला नाही. नाही म्हणजे नाही.

तशी इंग्रजीही काही कमी बेरकी नाही म्हणा. बेस्ट आणि वर्स्ट ही विशेषणं दोन टोकांची, पण क्रियापदं केली की दोन्हींचा अर्थ एकच, हरवणं. हे कळल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

काल परत तेच. टेनिसचा सामना, ७-६, ७-६, दोन्ही सेट टायब्रेकवर, म्हणजे अगदी निसटत्या फरकाने. शब्द? ‘डिमॉलिश्ड’. जमीनदोस्त!