‘कमांड चालली नाही म्हणजे बोर्ड उडाला’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा छोटा संगणक) आणि तसल्या छोट्या बोर्डांशी खेळणाऱ्यांमध्ये एक मेसेज बराच फिरतोय. त्याचा सारांश असा: दोन वर्षांहून जुनं ट्युटोरिअल उघडूही नका. त्यातली कमांड चालली नाही तर बोर्ड उडाला समजा. खात्री करायची असेल तर आधी सगळं अपडेट मारा, मग मेमरी कार्ड पुसून नवी इमेज (ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत) टाका. तरीही नाही जमलं तर नवा बोर्ड घ्या, कारण जुन्या बोर्डाला कुणी वाली नसतो.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण या सल्ल्याने धडधाकट बोर्ड ड्रॉवरमध्ये जाऊन पडतात आणि नवशिक्या माणसाला वाटतं की आपल्यालाच काही येत नाही.

‘दोन वर्षांहून जुनं’ यापासून सुरुवात करू. ट्युटोरिअलमधली प्रत्येक ओळ सारख्याच वेगाने शिळी होत नाही. रास्पबेरी पायवरची ४० पिनांची मांडणी जुलै २०१४ मध्ये बी प्लस मॉडेलबरोबर आली आणि पाय ५ पर्यंत तशीच आहे. ३.३ व्होल्टच्या पिनवर ५ व्होल्ट सोडले तर ती तेव्हाही जळायची, आजही जळते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या लेखातली सेन्सर जोडायची आकृती बहुतेक वेळा बिनधास्त वापरावी. अपवाद एकच, तो २०१२ च्या अगदी पहिल्या बोर्डांचा. त्यानंतरच्या दुरुस्त बोर्डात पिन ३, ५ आणि १३ यांचे जीपीआयओ क्रमांक (प्रोग्राम त्या पिनांना ज्या आकड्याने ओळखतो ते) बदलले आणि आयटूसी या सेन्सर जोडायच्या मार्गाची बस ० ऐवजी १ झाली. म्हणून त्या काळच्या लेखाप्रमाणे ‘आयटूसीडिटेक्ट’ या सेन्सर शोधणाऱ्या कमांडला ० दिला की सेन्सर दिसत नाही, १ दिला की दिसतो. एवढ्यावरून सेन्सर बदलून आणणारे लोक आहेत.

शिळी होते ती त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तीही हळूहळू नाही तर टप्प्याटप्प्याने. नोव्हेंबर २०१६ पासून एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरायची सोय) मुळातच बंद येतं. एप्रिल २०२२ पासून ‘पाय’ हे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड आयता मिळत नाही, युजर आपणच तयार करायचा असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुकवर्म ही नवी आवृत्ती आली आणि एका दमात बरंच काही बदललं. म्हणून ट्युटोरिअल किती जुनं, हा प्रश्न कामाचा नाही. ते या तारखांच्या अलीकडचं की पलीकडचं, हे पाहावं. गेल्या वर्षीचा व्हिडिओसुद्धा करणाऱ्याने जुन्याच कार्डावर बसून केलेला असू शकतो.

आता दुसरा मुद्दा, आणि सगळ्यात घातक: कमांड चालली नाही म्हणजे बोर्ड उडाला.

एक नमुना बघा. ट्युटोरिअल सांगतं, बूट फोल्डरातली कॉन्फिग फाइल उघडा आणि शेवटी अमुक ओळ टाका. तुम्ही नॅनो या एडिटरमध्ये ती उघडता, ओळ टाकता, सेव्ह करता, बोर्ड रीस्टार्ट करता. काही फरक नाही. पुन्हा करता, पुन्हा तेच. बुकवर्ममध्ये ती फाइल आता बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरात असते. जुन्या जागी फक्त एक सूचना ठेवलेली आहे की ही फाइल बदलू नका, हवी ती फाइल दुसरीकडे हलवली आहे. पण आपलं लक्ष फाइलच्या तळाशी ओळ चिकटवण्यावर असतं, वरचं इंग्रजी वाचतो कोण? ओळ बिचारी तिथे सुखाने राहते आणि बोर्ड तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

वायफायचंही तसंच. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड डब्ल्यूपीए सप्लिकंट या वायफाय जोडणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये लिहून ती कार्डाच्या बूट भागात टाकायची, ही युक्ती अनेक वर्षं चालली. बुकवर्मपासून वायफायचा कारभार नेटवर्क मॅनेजरकडे गेला आणि त्या फाइलला कुणी विचारेनासं झालं. राउटरच्या यादीत बोर्ड दिसत नाही, म्हणून माणूस ठरवून टाकतो की वायफायची चिप गेली. खरं तर इमेज टाकतानाच इमेजर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये नेटवर्क भरायचं, किंवा कीबोर्ड-मॉनिटर लावून ‘एनएमटीयूआय’ ही नेटवर्क मॅनेजरची कमांड चालवायची. देश निवडायचा राहिला असेल तरीही वायफाय अडवून ठेवलेलं असतं. लॉगिन केल्या केल्या स्क्रीनवर तसा इशाराही येतो.

पाय ५ घेतलेल्यांची तक्रार वेगळी. एलईडी लुकलुकवणारा पायथनचा जुना प्रोग्राम चालवला की ‘एसओसीचा पेरिफेरल बेस अॅड्रेस ठरवता येत नाही’ अशी एरर येते. ऐकायला भयंकर वाटते, चिपच जळल्यासारखी. घडलेलं एवढंच आहे की पाय ५ मध्ये जीपीआयओचं काम मुख्य प्रोसेसरकडून आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेलं आणि जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी थेट प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये हात घालते. तिथे तिला काही सापडत नाही. ती काढून आरपीआय-एलजीपीआयओ टाकलं तर बहुतेक जुने प्रोग्राम आहेत तसे चालतात.

बोर्ड खरोखर मेला का, हे बोर्डच सांगतो. हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, त्याला अर्थ असतो. चार वेळा म्हणजे स्टार्टची फर्मवेअर फाइल सापडली नाही, सात वेळा म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सापडला नाही. २०१८ मधलं कार्ड पाय ४ मध्ये घातलं तर चार वेळा लुकलुकणारच, कारण पाय ४ ला लागणारी ‘स्टार्ट४’ फाइल तो बोर्ड २०१९ मध्ये आला तेव्हा पहिल्यांदा बनली. मेलेला बोर्ड इतकं मोजून-मापून बोलत नाही. पाय ४ आणि ५ तर कार्ड सापडलं नाही की मॉनिटरवर निदानाचा स्क्रीनही दाखवतात, फक्त पाय ४ ची केबल यूएसबी-सी च्या शेजारच्या एचडीएमआय पोर्टमध्ये हवी.

आणि हार्डवेअरवरच संशय घ्यायचा असेल तर आधी विजेवर घ्या. मेसेजमध्ये हिचा उल्लेखच नाही, याला म्हणतात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. घरात पडलेला मोबाइलचा चार्जर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली लांबलचक स्वस्त केबल, या जोडीने जेवढे बोर्ड ‘बिघडवले’ तेवढे कुठल्याही ट्युटोरिअलने बिघडवले नसतील. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अॅम्पिअर लागतात. पाय ५ चा स्वतःचा अडॅप्टर ५ अॅम्पिअरचा आहे. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड त्याची नोंद ठेवतो. ‘व्हीसीजेनकमांड’ या बोर्डाची अवस्था सांगणाऱ्या कमांडमधून ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा. उत्तर शून्य आलं तर वीज ठीक. ५०००५ आलं तर आत्ता या क्षणी वीज कमी पडतेय आणि वेगही कमी केलेला आहे. ५०००० आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी तसं होऊन गेलं. अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होणं, यूएसबी डिस्क गायब होणं, कार्ड करप्ट होणं, या तक्रारींत पहिला प्रश्न हाच.

तिसरा सल्ला, आधी सगळं अपडेट मारा. माझ्या मते अडचण समजण्याआधी अपडेट करणं म्हणजे पुरावा पुसणं. २०१९ पासून बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालणारी एखादी स्क्रिप्ट घ्या. ती सिसएफएसमध्ये (पिना फाइलींसारख्या दाखवणाऱ्या जुन्या सोयीत) १७ हा आकडा लिहून पिन उघडते. कर्नल ६.६ आल्यावर पाय ४ सारख्या बोर्डांवर ती मोजणी ५१२ पासून सुरू होते, म्हणजे १७ ची जागा ५२९ ने घेतली. काल चालणारी स्क्रिप्ट अपडेटनंतर ‘अवैध आर्ग्युमेंट’ म्हणते आणि दोष जातो रिलेला (वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचला). त्यातून काही जण ‘आरपीआय-अपडेट’ चालवायला सांगतात. त्याने चाचणीतला कर्नल आणि फर्मवेअर येतं, रोजच्या वापरासाठी ते नाहीच. डेबियनच्या (याच सिस्टिमच्या मुळाशी असलेल्या लिनक्सच्या) एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर उडी मारायला तर रास्पबेरी पायवालेही जागच्या जागी अपग्रेड नको, नव्या कार्डावर सुरुवात करा म्हणतात. (पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणारा प्रोग्राम, अडला की ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय चिकटवणारे याच घराण्यातले. नावातच तोडफोड लिहिली आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेससाठी वेगळी जागा, करायला एक ओळ लागते.)

कार्ड पुसण्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. कोरी इमेज ही चांगली चाचणी आहे, पण ती दुसऱ्या कार्डावर करा. जुनं कार्ड जसंच्या तसं बाजूला ठेवलं तर दोन्हींची तुलना करता येते. त्याआधी तीन गोष्टी टिपून ठेवा: डिव्हाइस ट्रीमधलं (बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या यादीतलं) मॉडेलचं नाव, ओएस-रिलीज फाइलमधली आवृत्ती आणि ‘यूनेम’ने सांगितलेला कर्नल. मदत मागताना हेच तीन प्रश्न आधी विचारले जातात.

शिवाय पुसायला निघालेल्या त्याच कार्डावर त्या आवृत्तीची माहिती पडलेली असते. फर्मवेअर फोल्डरात ओव्हरलेजच्या आत एक रीडमी आहे. प्रत्येक ओव्हरले (डिव्हाइस ट्रीमध्ये भर घालणारा तुकडा) काय करतो, त्याला कोणते पर्याय देता येतात, त्यांच्या मूळ किमती काय, सगळं त्यात आहे. ती फर्मवेअरबरोबरच येते, त्यामुळे तुमच्या कार्डाशी जुळणारी असते. ‘डीटीओव्हरले’ला एच पर्याय आणि ओव्हरलेचं नाव दिलं की तोच मजकूर टर्मिनलवर येतो. इंटरनेटवरची ओळ आणि ही रीडमी यांत तफावत दिसली तर रीडमीचं ऐका.

राहिला शेवटचा सल्ला, नवा बोर्ड घ्या. पाय ५ चं उदाहरण वर आलंच: बोर्ड जितका नवा तितकं त्याच्यासाठी आधीचं लिखाण जास्त जुनं. बाजारात आजच आलेल्या एखाद्या अनोळखी बोर्डाची तर एक पीडीएफ आणि कंपनीने गोठवलेला एक कर्नल एवढीच पुंजी असते. याउलट २०१३ चा बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड घ्या. त्याच्या जुन्या ट्युटोरिअलमध्ये केप मॅनेजरच्या (वर बसवायच्या जोड-बोर्डांचा कारभार पाहणाऱ्या सोयीच्या) ‘स्लॉट्स’ फाइलमध्ये ओव्हरलेचं नाव लिहायला सांगतात. ते जुन्या कर्नलपुरतं. नंतर हे काम यूबूट या कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे गेलं आणि ओव्हरले ‘यूएन्व्ह’ फाइलमध्ये लिहायला लागले. रीत बदलली, पण पी८ आणि पी९ या दोन हेडरांचे तक्ते आणि खुलं सर्किट आजही जसंच्या तसं लागू पडतं.

वाली नसलेला बोर्ड असतोही. नऊ डॉलरच्या ‘चिप’ बोर्डाची कंपनी नेक्स्ट थिंग २०१८ मध्ये बुडाली आणि ब्राउझरमधून इमेज टाकायची तिची सोय तिच्याबरोबर गेली. बोर्डावर कार्डाची खाच नाही, सगळं आतल्या नँड फ्लॅश मेमरीवर, त्यामुळे अडचण खरी होती. तरी वापरणाऱ्यांनी त्या फाइली आणि कागदपत्रं आधीच उतरवून ठेवली होती आणि मुख्य लिनक्स कर्नलमध्ये त्या बोर्डाचं डिव्हाइस ट्री आहे. प्रोसेसरच्या एफईएल या बचाव मोडमध्ये नेऊन यूएसबीवरून तो आजही उठवता येतो. कटकटीचं आहे, पण येतो.