म्हणे आयटीआय आणि मिलिटरी म्हणजे नापासांचा रस्ता!

निकाल लागला की हा फॉरवर्ड दरवर्षी उगवतो, यंदा आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी टाकला आणि खाली धडाधड अंगठे पडले. मजकूर थोडक्यात असा: मार्क नसतील तर आयटीआय, तेही नाही जमलं तर मिलिटरी, अप्रेंटिस म्हणजे फुकटची हमाली, अग्निवीर (चार वर्षांसाठी भरती होणारा जवान) म्हणजे चार वर्षांनी घरी, त्यामुळे पोराचं भलं हवं तर डिग्रीच करा.

मी स्वतः आयटीआयवाला, फिटर ट्रेड, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘फुकटची हमाली’. अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे, स्टायपेंड द्यावाच लागतो आणि २०१९ च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे महिन्याला किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवलेत. ३० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अप्रेंटिस घेणं मालकाच्या मर्जीवर नाही, सक्तीचं आहे. आता खरी मेख कुठंय ती फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही: ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नाही, आणि कायद्यानं अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे. म्हणून पहिल्या दिवशी एकच विचारायचं, माझा करार सरकारदरबारी नोंदवला का? माझ्या एका मित्राला वर्षभर ‘अप्रेंटिस’ म्हणून राबवलं, करार नोंदवलाच नव्हता, शेवटी हातात काय तर लेटरहेडवरचं चिठोरं. करार नोंदवला तर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, आणि रेल्वेतच अप्रेंटिस करून ते मिळवलेल्या पोरांना रेल्वेच्या लेव्हल १ (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात.

मार्क नाहीत म्हणून आयटीआय? या एकदा वर्कशॉपात. सुरुवातीला नुसतं फायलिंग, व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) लोखंडाचा तुकडा पकडायचा, घासायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचा, खांदे भरून येतात पण सर काही तुकडा घेत नाहीत. आणि पुढचा रस्ता बंद वगैरे काही नाही, दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट सेकंड इयरला जाता येतं, डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला.

आता ‘तेही नाही जमलं तर मिलिटरी’. हे वाचून तर हसूच आलं! खडकवासल्याच्या एनडीएची (सैन्यातले अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) लेखी परीक्षा ९०० मार्कांची, त्यात ३०० चं नुसतं गणित, मग एसएसबीचे (अधिकारी निवडीच्या मुलाखती-चाचण्यांचे) अजून ९००. तीन वर्षांत डिग्री मिळते, शिकवायचा खर्च सरकारचा. २०२२ पासून मुलींच्याही बॅच आहेत. बरं अधिकारी सोडा, अग्निवीर जनरल ड्युटीला पण दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात, आधी ऑनलाइन परीक्षा, मग ग्राउंड. तिथं १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पूर्ण ६० मार्क. एकदा घड्याळ लावून पळून बघा म्हणजे कळेल.

‘चार वर्षांनी घरी’ हे अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करतो. जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात, बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पण हात हलवत परत येत नाहीत, २०२२ ला स्कीम आली तेव्हाच सेवानिधीचे (चार वर्षांनी हातात मिळणारी एकरकमी रक्कम) व्याज धरून साधारण ११.७१ लाख सांगितलेत, आणि त्यातला निम्मा पैसा अग्निवीराच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापून जमा होतो, हेही घरच्यांना नीट सांगा. एकविशी-बाविशीत हे पैसे घेऊन करणार काय, ते भरतीआधीच ठरवलेलं बरं.

राहिली डिग्री. करा की, नको कोण म्हणतंय.

आणि मामा, तुमचा धाकटा बारावी आर्ट्सला आहे ना, एनडीएच्या आर्मी विंगला आर्ट्सवाला चालतो (नेव्ही, एअरफोर्सला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं). फक्त वय साडेसोळा ते साडेएकोणीस, तेवढा जन्मदाखला काढून बघा.