१८० मिनिटं ही इंजिनाची मुदत नव्हे

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘दोन इंजिनांच्या विमानाने समुद्र ओलांडू नका. एक बंद पडलं की तीन तासांत दुसरंही जातं, म्हणून १८० मिनिटांचा नियम केलाय. चार इंजिनांची विमानं सुरक्षित होती, कंपन्यांनी पैशासाठी काढली.’ शेजारच्या काकू तो वाचून लेकीकडे अमेरिकेला जायचं रद्द करायला निघाल्या, तेव्हा राहवलं नाही.

१८० मिनिटं हे अंतर आहे, वेळात मोजलेलं. वाटेत कुठेही एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या इंजिनाच्या वेगाने, वारा नाही असं धरून, तेवढ्या वेळात उतरण्याजोगा विमानतळ गाठता आला पाहिजे. इंधन भरताना त्याहून वाईट गृहीत धरतात: केबिनमधला हवेचा दाब गेला, विमान १० हजार फुटांवर आणावं लागलं, तिथे इंधन जास्त जळतंय, तरी पुरलं पाहिजे.

‘दुसरंही जातं’ हे तर उलटंच. अमेरिकेत १९५३ साली, पिस्टन इंजिनांच्या काळात, ही मर्यादा ६० मिनिटांची होती. जेट इंजिनांचा भरवसा सिद्ध होत गेला तशी १९८५ मध्ये १२० आणि १९८८ मध्ये १८० मिनिटं झाली. १८० साठीची अट अशी की उड्डाणात इंजिन बंद पडण्याचं प्रमाण साधारण ५० हजार इंजिन-तासांमागे एक, याहून जास्त नको.

आणि चार इंजिनं? १९८२ मध्ये इंडोनेशियाजवळ ज्वालामुखीच्या राखेत जंबो जेटची चारही इंजिनं बंद पडली. ती पुन्हा चालू झाली म्हणून विमान जकार्ताला उतरलं. १९८३ मध्ये मायामीहून नासाउला निघालेल्या ट्रायस्टार या तीन इंजिनांच्या विमानाच्या तिन्ही इंजिनांचं तेल गळालं, कारण देखभालीत तिन्हीकडे एकाच जागच्या रबरी कड्या बसवायच्या राहिल्या होत्या. आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करून ते कसंबसं मायामीला परतलं. एका हाताची चूक तिन्हीकडे! म्हणूनच लांबच्या समुद्रमार्गांवरच्या विमानांत दोन्ही इंजिनांचं तेच काम एकाच मेकॅनिकने एकाच वेळी करायचं टाळतात. मला या नियमातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

पैशाचं म्हणणं खरं आहे, दोन इंजिनांना इंधन कमी लागतं. पण सामानकक्षातली आग इंजिनं मोजत नाही. ती दाबून धरायची यंत्रणा विमानतळ येईपर्यंत आणि वर १५ मिनिटं पुरावी लागते.

काकूंना नकाशावर अटलांटिकच्या वाटेवरचे विमानतळ दाखवले: आयर्लंडमधलं शॅनन, आइसलँडमधलं केफ्लाविक, कॅनडातलं गँडर. त्यांनी तिन्ही नावं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली.