मुद्दाम अवघड क्लिप का निवडली?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागात लिहिलेली असली तरी मुद्देसूद आहे, त्यामुळे ‘धन्यवाद, नोंद घेतली’ एवढंच लिहून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. फोनवर घेतलेलं हलतं फुटेज स्थिर करणाऱ्या सॉफ्टवेअरची तुलना मी ठाण्याच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेतल्या एका क्लिपवर केली. तुमचं म्हणणं असं, की अडोबीच्या प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला वार्प स्टॅबिलायझर आपटावा आणि दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वर यावं अशीच क्लिप मी शोधून काढली. नेरुळला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या ट्रॅकवर चालत घेतलेल्या तुमच्या क्लिपवर तोच वार्प स्टॅबिलायझर दोन क्लिकमध्ये झकास चालला. शिवाय मी सेटिंग न बदलता निकाल दिला, साध्या लॅपटॉपवर रिझॉल्व्ह धड उघडतही नाही, आणि एवढ्या खटाटोपापेक्षा गिंबल (फोन स्थिर धरणारा मोटरवाला दांडा) घ्यावा, हे तुमचे उरलेले आक्षेप.

क्लिप मुद्दाम निवडली, यात वादच नाही. तुमच्या ट्रॅकवरचा शॉट मी प्रीमिअर, रिझॉल्व्ह, शॉटकट आणि अगदी गुगल फोटोजच्या एका बटणातून काढला असता, तर चौघांचे निकाल शेजारी शेजारी ठेवून तुम्हाला आणि मला फरक सांगता आला नसता. सगळ्या वर्गाला दोनाचा पाढा विचारायचा आणि मग गणितात पहिला कोण ते ठरवायचं, तसली ती तुलना झाली असती. तिथे रेलिंग आहे, झाडं आहेत, मागे पाम बीचकडचे टॉवर आहेत. पाणी आणि चालणारी चार माणसं सोडली तर फ्रेममधलं काहीच हलत नाही. असं फुटेज कोणीही सरळ करून देतं.

गर्दीत हे का फसतं, ते मूळ लेखात मी दोन वाक्यांत उरकलं होतं. इथे सविस्तर लिहितो, कारण सगळा वाद तिथेच आहे.

स्टॅबिलायझर व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेममध्ये ओळखू येतील असे शेकडो बिंदू पकडतो: खिडकीचा कोपरा, पाटीवरचं अक्षर, खांबाची कड. पुढच्या फ्रेममध्ये ते कुठे सरकले हे बघतो आणि त्यावरून कॅमेरा किती हलला याचा अंदाज बांधतो. मग त्या हालचालीचा मार्ग गुळगुळीत करून प्रत्येक फ्रेम उलट दिशेने सरकवतो. यात एक गृहीतक दडलेलं आहे, की बहुतेक बिंदू जागच्या जागी उभ्या असलेल्या वस्तूंवर आहेत. जांभळी नाक्यावर पाडव्याच्या सकाळी उभे राहा आणि फोन वर करा. खालची दोन तृतीयांश फ्रेम फेट्यांनी, झेंड्यांनी आणि लेझीमने भरलेली असते, आणि ते सगळं ढोलाच्या ठेक्यावर एकाच वेळी वर-खाली होतं. बिंदूंचं बहुमत माणसांच्या बाजूने. सॉफ्टवेअरला वाटतं कॅमेराच नाचतोय, म्हणून ते माणसांना स्थिर करायला जातं, आणि मागच्या इमारती डोलू लागतात. तुम्ही ज्याला ‘तुमच्या क्लिपचा दोष’ म्हणालात तो हाच.

वार्प स्टॅबिलायझरला याचा जास्त त्रास होतो, त्याला कारण आहे. त्याची मूळ पद्धत ‘सबस्पेस वार्प’. २०११ साली अडोबीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला, त्याच वर्षी ती अडोबीच्याच आफ्टर इफेक्ट्स सीएस ५.५ या इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये आली आणि पुढच्या वर्षी प्रीमिअरमध्ये. अख्खी फ्रेम सरकवण्याऐवजी ती फ्रेमचे वेगवेगळे भाग वेगवेगळे वाकवते, म्हणून जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकाच शॉटमध्ये असल्या तरी निकाल नैसर्गिक दिसतो. कल्पना सुरेखच आहे. पण तिला बरेच फ्रेम टिकून राहणारे बिंदू लागतात. गर्दीत दर क्षणाला कोणाचं तरी डोकं कोणाच्या तरी आड जातं. बिंदू तुटतात, आणि उरलेल्यांच्या जोरावर फ्रेम वाकवली की चेहरे ताणले जातात.

आता सेटिंगचा आक्षेप. लेखाच्या दुसऱ्या भागात बदललेल्या सेटिंगचे निकालही दिले होते, पण बहुतेक तुम्ही पहिल्या व्हिडिओनंतर वाचणं थांबवलंत. प्रीमिअरमध्ये पद्धत ‘पोझिशन, स्केल, रोटेशन’ केली आणि रिझॉल्व्हमध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह’ऐवजी ‘सिमिलॅरिटी’, की दोघं जवळजवळ एकच काम करतात: फ्रेम सरकवणं, फिरवणं, लहान-मोठी करणं, आणि वाकवणं पूर्ण बंद. दोघांचे निकाल तेव्हा इतके जवळ आले की मी स्वतः फायलींची नावं बघून ओळखत होतो. तुम्हाला प्रीमिअरवरच राहायचं असेल तर गर्दीच्या फुटेजला आधी हा एक बदल करा, आणि ‘स्मूदनेस’ मूळच्या ५०% वरून १० ते १५% वर आणा. ५०% ला तो इतका क्रॉप करतो, म्हणजे कडा कापतो, की पालखीचा गोंडा फ्रेमबाहेर जातो.

मग रिझॉल्व्ह वर का ठेवलं? बिंदू हाताने निवडता येतो म्हणून. कलर पेजवर ट्रॅकरच्या मेनूत ‘क्लासिक स्टॅबिलायझर’ आहे. त्यात मी गर्दीच्या डोक्यावरून दिसणाऱ्या एका गॅलरीच्या कठड्याचे दोन कोपरे पकडले आणि बाकी सगळं त्याला विसरायला लावलं. लेझीम खाली कितीही नाचो, गॅलरी जागची हलत नाही. अशी सोय अडोबीकडे नाही असं नव्हे. आफ्टर इफेक्ट्समध्ये वार्प स्टॅबिलायझरचे चुकीचे बिंदू निवडून डिलीट करता येतात. पण मी तुलना प्रीमिअरची केली होती, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी दुसरं सॉफ्टवेअर शिका, असं कोणाला सांगू? या उपायाची मर्यादाही सांगून ठेवतो. कठडा फ्रेममध्ये आहे तोवरच तो चालतो. यात्रेबरोबर चालत चालत शॉट घेतलात तर दर दहा-पंधरा पावलांवर नवा आधार शोधावा लागतो आणि जोड दिसतो.

चालण्यावरून आठवलं. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या दोन्ही फुकट सॉफ्टवेअरच्या पोटात ‘विड-स्टॅब’ नावाचं एकच इंजिन आहे, तेच एफएफएमपेग या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या फुकट साधनातही मिळतं. तुम्ही त्याला ‘खेळणं’ म्हणालात. त्याचा एक आकडा समजून घेतला तर खेळणं बरंच काम करतं. एफएफएमपेगमध्ये त्याचं ‘स्मूदिंग’ मुळात १० असतं, म्हणजे मागचे १०, पुढचे १० आणि मधला एक असे २१ फ्रेम धरून तो मार्ग गुळगुळीत करतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत हे ०.७ सेकंद झाले. माणूस साधारण सेकंदाला दोन पावलं टाकतो, म्हणजे एक पाऊल १५ फ्रेमचं. त्यामुळे पावलागणिक बसणारा वर-खालचा हादरा २१ फ्रेममध्ये बराचसा विरतो. पण डावीकडे-उजवीकडे होणारं डोलणं दोन पावलांनी पूर्ण होतं, त्याला ३० फ्रेम लागतात. ते २१ मध्ये मावत नाही, म्हणून तसंच उरतं. ‘हादरे गेले पण बोटीत बसल्यासारखं वाटतं’ अशी तक्रार अनेकजण करतात, ती यामुळे. आकडा २० ते ३० वर नेला की डोलणंही जातं, क्रॉप मात्र वाढतो. हे गणित कळलं की प्रीमिअर आणि रिझॉल्व्हमधल्या ‘स्मूद’च्या पट्ट्याही अंदाजपंचे ओढाव्या लागत नाहीत.

गिंबलबद्दल. तुमचं निम्मं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. संध्याकाळनंतरच्या फुटेजला सॉफ्टवेअर हात लावू शकत नाही, कारण अंधारात फोन शटर १/३० सेकंदापर्यंत उघडं ठेवतो आणि तेवढ्या वेळात हात हलला की ती हालचाल प्रत्येक फ्रेममध्ये धूसर रेघ होऊन छापली जाते. नंतर फ्रेम जागेवर आणून बसवली तरी धूसरपणा तिथेच राहतो. दृश्य स्थिर, पण अधूनमधून आपोआप पुसट होतं आणि पुन्हा स्पष्ट होतं. हे पाहून डोकं दुखतं. कधीकधी मूळ हलतं फुटेजच त्यापेक्षा बरं वाटतं. गिंबल शटर उघडं असतानाच फोन वळू देत नाही, म्हणून तिथे तो जिंकतो.

पण तीन अक्षांचा गिंबल फोनचं वळणं आणि कलणं थांबवतो. तुमच्या पावलांबरोबर अख्खा फोन वर-खाली होतो, ते तो थांबवत नाही. त्यासाठी गुडघे वाकवून चालायची सवय लागते. आणि राम मारुती रोडवर पाडव्याच्या दिवशी हातात गिंबल धरून तुम्ही एकदा फिराच. दुसऱ्याच्या ढोलाला तो लागला, की पुढचं शूटिंग शेजाऱ्यांच्या फोनवर होतं. ज्यांचं फुटेज आधीच घेऊन झालंय, आजोबांच्या पंचाहत्तरीचं किंवा मुलीच्या अरंगेत्रमचं, त्यांना ‘गिंबल घ्यायला हवा होता’ हे सांगून उपयोगही नाही. माझा लेख त्यांच्यासाठी होता.

गिंबल नसेल तर शटर तरी हातात घ्या. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप २०२३ मध्ये आयफोनवर आणि २०२४ मध्ये निवडक अँड्रॉइड फोनवर आलं, त्यात शटर हाताने ठरवता येतं. दिवसा उन्हात १/२०० किंवा त्याहून जलद ठेवा, म्हणजे स्टॅबिलायझरला स्वच्छ फ्रेम मिळतील. सभागृहात, मांडवात, दिव्यांखाली मात्र १/१०० किंवा १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/६० किंवा १/१२० ठेवलंत तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसतील, आणि ते काढणं हादरे काढण्यापेक्षा कटकटीचं. स्वस्तातल्या एलईडी माळा याही नियमाला जुमानत नाहीत, तिथे करून बघण्याला पर्याय नाही.

‘फोनमध्येच स्टॅबिलायझेशन आहे, वेगळं कशाला?’ हा तुमचा प्रश्न मात्र नेमका आहे. फोनकडे जायरो असतो, म्हणजे फोन किती अंशांनी वळला हे त्याला चित्र न बघताच कळतं. गर्दीला तो फसत नाही. गर्दीच्या शॉटला जी माहिती सर्वात जास्त हवी, तीच फोन शूटिंग चालू असताना वापरतो आणि नेहमीच्या कॅमेरा ॲपमध्ये फाइलबरोबर जपून ठेवत नाही. ती ठेवली असती तर जायरोफ्लो नावाच्या फुकट, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये नंतर सावकाश, हवं तसं स्थिर करता आलं असतं. गोप्रोसारख्या ॲक्शन कॅमेऱ्यांच्या फुटेजवर ते अप्रतिम चालतं. ते मी तुलनेत घेतलं नाही, कारण माझी तुलना साध्या फोनच्या साध्या फाइलची होती. फोनच्या ‘सुपर स्टेडी’ छापाच्या मोडबद्दल एवढंच सांगेन, की उजेड भरपूर असेल तेव्हाच वापरा. आयफोन १४ पासून आलेला ॲक्शन मोडही जास्तीत जास्त २.८के पर्यंतच देतो आणि उजेड कमी पडला की रडतो. मी साध्या मोडमध्ये ४के घेतो आणि १०८० पीच्या टाइमलाइनवर टाकतो. ३८४० पिक्सेल रुंदीतून १९२० हवे असतात, त्यामुळे स्टॅबिलायझरने १५% कापलं तरी चित्राची धार जात नाही. तुमची ट्रॅकवरची क्लिप १०८० पीमध्येच घेतलेली असेल, तर वार्प स्टॅबिलायझरने ती ताणून मोठी केली असणार. मोठ्या टीव्हीवर बघा, पानांचा तपशील गेलेला दिसेल.

लॅपटॉपचं तुमचं गाऱ्हाणं रास्त आहे. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती स्टॅबिलायझर पूर्ण देते आणि ४के एक्स्पोर्टही करू देते, पण ८ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर ती चालवणं म्हणजे स्वतःचा छळ आहे. अशा लॅपटॉपवर शॉटकट घ्या. विश्लेषणाला वेळ खातं, तेवढ्यात चहा होतो, पण अडकत नाही. सगळा व्हिडिओ त्यात घालू नका. हलणारे दोन-तीन शॉट तेवढे कापून स्थिर करा, एक्स्पोर्ट करा आणि मग नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडा.

बाइकच्या हँडलवर फोन लावून घोडबंदर रोडवर घेतलेल्या शॉटबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. त्यावर चारही सॉफ्टवेअर निकामी. कॅमेऱ्याचा सेन्सर फ्रेम एका झटक्यात वाचत नाही, ओळीओळीने वाचतो, आणि इंजिनाच्या कंपनात प्रत्येक ओळ वेगळ्या जागी पडते. ते जेलीसारखं थरथरणं नंतर धड निघत नाही. त्यात फोनही जाऊ शकतो. जोरदार इंजिनाच्या मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं लेन्स-स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. छातीला पट्टा बांधून त्यावर फोन लावा, शरीर बरीचशी कंपनं पिऊन टाकतं.

स्वागतयात्रेची मूळ ४के क्लिप मी ड्राइव्हवर टाकतोय, लिंक मूळ लेखाच्या खाली संध्याकाळपर्यंत दिसेल. तुमच्या प्रीमिअरमध्ये ती चालवा. गॅलरी न डोलता आणि चेहरे न ताणता ती स्थिर झाली, तर सेटिंगच्या स्क्रीनशॉटसकट इथेच टाका, मी तो निकाल लेखात तुमच्या नावाने जोडतो. तुमची क्लिप पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर दाबून लहान झालेली फाइल येईल आणि आपण पुन्हा वेगळ्याच गोष्टीवर भांडत बसू.