कन्सोल की कॉम्प्युटर: एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, घ्यावा असं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की पन्नास हजारांचा खोका नुसता खेळायला घेणं ही मध्यमवर्गीय घरात उधळपट्टी आहे. तेवढ्यात कॉम्प्युटर येतो, त्यावर अभ्यास होतो, ऑफिसचं काम होतं आणि गेमही चालतात. शेवटी विचारलंत, इंजिनीअरिंगला गेलेल्या भाच्याला काय सांगू?

घरात एकही कॉम्प्युटर नसेल तर आधी कॉम्प्युटरच घ्यायचा. हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं. चूक माझी.

मात्र ‘आणि गेमही चालतात’ हे मला पटत नाही. अभ्यासाचा कॉम्प्युटर वेगळा आणि गेमचा वेगळा. फरक ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर उभी करणाऱ्या भागाचा, आणि सगळा पैसा तिथेच जातो. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला, गेमची डिस्क घालता येणारा ४९,९९० रुपयांना. आत एएमडी कंपनीचा आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, गेम साठवायला ८२५ जीबीची एसएसडी. तेव्हा क्रिप्टो चलन तयार करणाऱ्यांनी त्या कामासाठी ग्राफिक्स कार्डं उचलल्यामुळे चांगलं कार्ड छापील किमतीला मिळणं मुश्कील होतं. सुरुवातीला खुद्द सोनी हा कन्सोल तोट्यात विकत होती. ४९९ डॉलरच्या, म्हणजे डिस्कवाल्या, मॉडेलवरचा तोटा थांबल्याचं कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. ज्या किमतीत बनवणाऱ्यालाच परवडत नव्हतं, त्या किमतीत सुटे भाग आणून आपण तसं मशीन कसं जोडणार होतो?

मी जोडून पाहिलंय, म्हणून बोलतोय. दुकानदाराने कॅबिनेटमध्ये स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, घातला होता. गेम ऐन रंगात आला की खट्‌ आवाज व्हायचा आणि स्क्रीन काळी. तीन महिने मी रॅम काढून पुसली, विंडोज पुन्हा टाकलं, कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावला. खेळलो किती? जवळपास नाहीच. आता मुलगी साडेनऊला झोपली की माझ्या हातात जेमतेम पाऊण तास असतो. कंट्रोलरवरचं बटण दाबतो आणि काल जिथे थांबलो होतो, त्याच पुलावर गेम उभा असतो. त्या पाऊण तासासाठी मी पैसे मोजले.

तुमचा दुसरा मुद्दा गेमच्या किमतींचा. तो खरा आहे, आणि कंपनी आपला तोटा तिथूनच वसूल करायची. कन्सोल आला तेव्हा मोठे गेम ४,९९९ रुपयांना होते. विकत घेतलेला गेम मित्रांशी ऑनलाइन खेळायचा तर बहुतेक वेळा वर प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या सेवेची वर्गणी. कॉम्प्युटरवर ती नाही. शिवाय स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, रुपयांत किंमत, सेलमध्ये घसघशीत सवलत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात.

पण स्टीमवर घेतलेला गेम खेळून झाला की विकता येत नाही. डिस्क विकता येते. मी गेम संपवतो, डिस्कवर ओरखडा नाही ना ते दिव्याखाली तिरकी धरून बघतो आणि पुढच्याला देतो. बरेचसे पैसे परत येतात, त्यात पुढचा गेम. दोन मित्रांशी तर नुसती अदलाबदल चालते. हा हिशोब धरला तरच कन्सोल परवडतो. म्हणून बिनडिस्कचं डिजिटल मॉडेल घेऊ नका, हे मी पुन्हा सांगेन. तेव्हा ते दहा हजारांनी स्वस्त होतं, पण तेव्हाचं ते मॉडेल घेतलं की प्रत्येक गेम सोनीच्या एकाच ऑनलाइन दुकानातून, ते म्हणतील त्या भावाने, आणि झाल्यावर विकायचीही सोय नाही. ‘कन्सोल म्हणजे पिंजरा’ असं तुम्ही लिहिलंत, ते या मॉडेलला तंतोतंत लागू पडतं.

भाच्याला मात्र कॉम्प्युटरच घ्यायला सांगा. त्याला कोडिंग करायचंय, ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं लागतील, आणि हॉस्टेलच्या खोलीत टीव्ही कुठला? ग्राफिक्स कार्ड पहिल्याच वर्षी नको. जागा ठेवा, पुढे बसवता येईल. आणि असेंबल करून घेणार असाल तर एसएमपीएस कोणत्या कंपनीचा, किती वॅटचा, ते बिलावर लिहून घ्या.